विक्रांत, स्केल १:२५०

वीकांताला काय करतोस असं हापिसात कोणी विचारलं, की मी सांगतो, "जहाज बांधतोय." नागपुरात! इथून मुंबईचा समुद्र गाठायचा तर आठशेच्या वर किलोमीटर, पूर्वेचाही तसाच लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. झीरो माइलला जो दगड आहे ना, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२० फूट आणि वर काही दशांश. नागपूरचा समुद्राशी अधिकृत संबंध एवढाच.

तर जहाज कागदाचं आहे. कागद, आयव्हरी शीट, पुठ्ठा आणि जुन्या लग्नपत्रिका. (लग्नपत्रिकांचा कागद अप्रतिम असतो, विशेषतः मधला कडक. आईला हे फारसं आवडत नाही. लोकांच्या पत्रिका कापत बसण्यापेक्षा तू आपली एक छाप, असं तिचं म्हणणं. असो.) लांबी ८५ सेंटीमीटर, रुंदी साडेपंधरा. आणि जहाजाचं नाव आयएनएस विक्रांत.

हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "अरे वा, ती कोचीची!" नाही. कोचीला बांधलेली, सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात आलेली २६२ मीटरची विक्रांत वेगळी. मी बांधतोय ती पहिली, २१३ मीटरची. ती १९४३ मध्ये ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' नावाने बांधायला घेतली, १९४५ मध्ये पाण्यात सोडली, आणि तोवर युद्धच संपल्याने अर्धवट ठेवून दिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात दाखल झाली. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त. मी जन्मलो त्याच वर्षी.

मी ती पाहिली आहे. निवृत्तीनंतर २००१ ते २०१२ मुंबईत तिचं संग्रहालय होतं, आणि २००९ मध्ये मामाने मला तिथे नेलं होतं. तेव्हा मी बारा वर्षांचा. काय आठवतं? रंगाचा वास, प्रत्येक दाराला पाय उचलून ओलांडावा लागणारा उंबरठा, आणि वरच्या डेकवर आल्यावर वाटलेलं "एवढं मोठं मैदान पाण्यावर कसं काय?" बस. त्या वयात मोजमापं कोण घेतो?

२०१४ मध्ये तिचा भंगारात लिलाव झाला, साधारण साठ कोटींना. वाचवायचे प्रयत्न झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण त्या नोव्हेंबरात दारूखान्याला तिचं तोडकाम सुरू झालंच. मी तेव्हा बारावीत होतो, सीईटी-जेईईच्या गडबडीत. पेपरात फोटो पाहिला, वाईट वाटलं, आणि मी परत ऑरगॅनिक केमिस्ट्रीकडे वळलो.

आता थोडं या छंदाबद्दल. कागदी मॉडेल म्हणजे ओरिगामी नव्हे, आणि पहिल्या पावसात आपण गटारात सोडायचो ती होडीही नव्हे. कागदावर छापलेले शेकडो भाग कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धातूची खेळणी मिळेनाशी झाली तेव्हा पोस्टकार्डांवर छापलेली 'मायक्रोमॉडेल्स' तिथे फार चालली. पोलंडमध्ये 'माली मोडेलाश' नावाचं मासिक १९५७ पासून हेच करत आलंय: अंक घ्या, पानं कापा, जहाज करा. जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनचे कागदी जहाजांचे संच प्रसिद्ध आहेत, त्यांचं ठरलेलं स्केल १:२५०. मीही तेच धरलं. या स्केलला उभा माणूस सात मिलिमीटरपेक्षा थोडा कमी भरतो, आणि डेकवरचा कठडा चार मिलिमीटर. तो कठडा मी साडीच्या फॉलच्या दोऱ्याने करतो. तोफेची नळी म्हणजे टाचणी. डोलकाठी म्हणजे उदबत्तीची काडी, घासून बारीक केलेली. घडी घालण्याआधी रेघ मारायला संपलेली रिफिल. कापायला अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि तीन नंबरचं हँडल. मेडिकल चौकात कुठल्याही दुकानात मिळतं. फेविकॉल, आणि नाजूक ठिकाणी फेविक्विक. एवढ्यात अख्खं गोदी खातं आवरतं.

बाजारात मिळणारा किंवा जालावरून उतरवलेला संच घेतला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण मला विक्रांतच हवी होती, आणि मनासारखा संच सापडेना, म्हणून भाग स्वतःच आखायला घेतले. वर्गाच्या नकाशातला बाजूचा आणि वरचा देखावा मिळाला, फोटो तर ढिगाने. पण फोटो कशाचे असतात? विमानांचे, उजवीकडच्या मनोऱ्याचे, डेकवर रांगेत उभ्या नौसैनिकांचे. डाव्या कुशीचा मागचा कोपरा कोण कशाला काढेल? तिथे सज्जे आहेत, त्यांच्याखाली तिरके आधार आहेत, आणि त्यांची खोली किती हे सांगणारं जहाज आता उरलेलं नाही. त्या वर्गाची एकूण सहा जहाजं होती. कॅनडाकडे दोन गेली, ऑस्ट्रेलियाकडे दोन, एक कधी पूर्णच झालं नाही, आणि सहावी आपली. सहाही भंगारात गेली. जाऊन टेप लावावी अशी एकही बहीण शिल्लक नाही.

एका शनिवारी दुपारी मी लॅपटॉपवर हेच जुळवत बसलो होतो. बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राहिला रे?"

"फ्रेम्स काढतोय बाबा. जहाजाच्या आतल्या आडव्या पट्ट्या. त्यांच्यावर वरचं कातडं चिकटतं."

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तं क्रॉस सेक्शन आहेत ना बाप्पा. चेनेज कुठाय?"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा सरकारी नोकरीत आरेखक होते. १९८४ मध्ये अनुरेखक म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग कापड पसरून शाईने गिरवायचं. मग बढती मिळून आरेखक. आयुष्यभर त्यांनी पूर्व विदर्भातल्या कालव्यांचे छेद काढले. दर तीस मीटरला एक छेद, खाली चेनेज लिहिलेलं, जमीन कुठे, तळ कुठे, भराव किती. ड्राफ्टर, रोट्रिंगचे पेन, चुकलेली शाई खरवडायला अर्धं ब्लेड. पुढे सगळीकडेच ऑटोकॅड आलं. बाबा तेही कामापुरतं शिकले, पण घरी त्याविषयी कधी बोलले नाहीत. आधी मात्र रोज बोलायचे.

आणि ते निवृत्त झाले मे २०२० मध्ये. आठवतोय ना तो महिना? निरोप समारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही, सहकुटुंब फोटो नाही. एक तारीख आली आणि गेली. मी तेव्हा पुण्याहून घरी आलो होतो आणि बेडरूममध्ये कॉलवर होतो. आईने शिरा केला होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट म्हणजे एक वाटी शिरा. त्यानंतर बाबा गप्प झाले. आजारी वगैरे नाही. सकाळी फिरून यायचे, भाजी आणायचे, पेपर वाचायचे. पण विचारलं तेवढंच बोलायचे. मी पुढे मिहानमध्ये नोकरी घेऊन कायमचा नागपुरात आलो तरी आमचं बोलणं "जेवला का", "हो, जेवलो" एवढंच होतं.

तर त्या माणसाने चेनेज विचारलं.

मी फ्रेम्सना एक, दोन, तीन असे नंबर दिले होते. बाबांनी ते खोडायला लावले. नाकापासून शून्य धर, दर दहा मीटरला छेद घे, चेनेज १०, २०, ३०, शेपटीपर्यंत २१०. १:२५० ला दहा मीटर म्हणजे बरोबर चार सेंटीमीटर. "म्हणजे कोणताही छेद उचलला की तो जहाजात कुठे बसते ते त्याच्यावरच लिहून असते." इतकं सरळ! मग स्वतःशीच हसून म्हणाले, "फरक एवढाच. आमचं पाणी आत राहते, तुझं बाहेर."

माळ्यावरची पेटी दुसऱ्या दिवशी खाली आली. पेन वाळून गेले होते, पण फ्रेंच कर्व्ह, डिव्हायडर, सेट स्क्वेअर सगळं जागच्या जागी.

नाकाशी खरी कसरत होती. तुमच्यापैकी जे इंजिनिअर आहेत त्यांना पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आठवत असेल, एन. डी. भट्टांचं पुस्तक आणि त्यातलं 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस'. परीक्षेपुरतं करून आपण विसरलो. कागदी जहाज म्हणजे तेच प्रकरण मोठं करून. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. गाउसने १८२७ मध्ये याचं गणित मांडलं. नागपूरकराला ते संत्रं सोलताना कळतं. साल टेबलावर दाबून सपाट करा, कडेला फाटतेच. जहाजाची मधली लांबलचक कूस जवळजवळ सरळ असते, तिथे कागद आनंदाने बसतो. पण नाक वरच्या दिशेने बाहेर उमलत जातं आणि पुढे निमुळतंही होतं. दोन्हीकडून वळण. तिथे कागदाला चिरा द्याव्या लागतात, आणि त्या कुठे द्यायच्या हे नुसत्या गणिताने ठरत नाही.

माझ्या सॉफ्टवेअरने सगळ्या बिंदूंतून जाणारी रेघ काढून दिली. बिंदूंतून जात होती हे खरं, पण दोन बिंदूंच्या मध्ये ती किंचित हलत होती. स्क्रीनवर दिसायचं नाही, छापून तिरक्या उजेडात धरली की दिसायचं. बाबांनी फूटभर लांब स्टीलची लवचिक पट्टी उभी केली, मला दोन ठिकाणी बोटं धरायला लावली, स्वतः मधून हलकेच दाबली, आणि पेन्सिल फिरवली. एक बिंदू अर्धा मिलिमीटर बाहेर राहिला.

"हा बिंदू सुटला बाबा."

"तो बिंदूच खोटा आहे. लोखंडाची प्लेट अशी उडी मारत नाही."

नंतर वाचलं, की जुन्या जहाजगोदीत वजनं ठेवून लाकडी पट्टी वाकवत आणि तिच्या कडेने जहाजाच्या रेघा काढत. त्या पट्टीचं नाव स्प्लाइन. आज माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या बटणावर 'स्प्लाइन' लिहिलंय ते नाव तिथून आलेलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग बटणाला विचार ना."

नाकाचे ते आठ छेद बाबांनी हाताने काढले. मी ते स्कॅन करून संगणकात गिरवले. शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी सवयीने चौकट आखली: शीर्षक, स्केल, तारीख, ड्रॉन बाय, ट्रेस्ड बाय, चेक्ड बाय. 'ट्रेस्ड बाय'समोर बोट ठेवून म्हणाले, "सही कर. अनुरेखक तू." मी केली. 'ड्रॉन बाय'समोर त्यांनी सही केली. मग 'चेक्ड बाय'च्या रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघितलं. छत्तीस वर्षं त्या चौकटीत दुसऱ्या कोणाची तरी सही यायची. तिथेही त्यांनी स्वतःचीच केली, जरा मोठी, आणि पेनाला टोपण लावलं.

पण भांडणही झालंच. विक्रांत कोणती? असं विचारायचं कारण म्हणजे ऐंशीच्या दशकात तिचं रूप बदललं. आधी तिच्यावर सी हॉक आणि अलिझे विमानं होती, पुढच्या सपाट डेकवर वाफेचा कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला गलोलीसारखं भिरकावणारं यंत्र. नंतर सी हॅरिअर आली, कॅटापुल्ट निघाला आणि नाकावर वर उचललेला उतार बसवला, स्की-जंप, जेमतेम पावणेदहा अंशांचा. मी २००९ मध्ये पाहिली ती उताराची. माझ्यासाठी विक्रांत म्हणजे तेच उचललेलं नाक.

बाबा म्हणाले, छे! विक्रांत म्हणजे ७१ ची. तेव्हा ते नऊ वर्षांचे. शेजाऱ्यांच्या ओट्यावर रेडिओ, भोवती सगळी गल्ली. समुद्र पाहिलेला नाही, जहाज पाहिलेलं नाही, पण चितगाव, कॉक्स बझार आणि विक्रांत ही नावं पाठ. पाकिस्तानने 'गाझी' पाणबुडी खास तिच्या मागावर पाठवली होती आणि ती गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली, विक्रांत मात्र तेव्हा अंदमानाकडे सुरक्षित होती, हे त्यांनी मला लहानपणी दहा वेळा तरी सांगितलं असेल. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. तो वापरायचा नाही असं ठरवून ती उरलेल्या तिघांवर गेली, कमी वेगाने. कॅटापुल्टवरून विमान उडवायला जहाजाचा वेग हवा असतो, वारा हवा असतो. वेग कमी म्हणजे सगळाच हिशेब तंग. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीच कर. तीन बॉयलरवाली."

आता बॉयलर काही मॉडेलमध्ये दिसत नाही हो! पण हे त्यांना कोण सांगणार?

दोन आठवडे हे चाललं. आईने मध्ये पडायला नकार दिला. शेवटी तोडगा बाबांनीच काढला. कालव्याच्या कामात एकाच जागेसाठी दोन आखण्या काढून ठेवतात, मंजूर होईल ती घेतात. तसं चेनेज ४० पासून पुढचा डेक वेगळा करायचा, दोन तुकडे बनवायचे, एक सपाट आणि एक उताराचा. खालचं जहाज तेच. हवा तो तुकडा वर ठेवायचा. सांधा मात्र असा हवा की नख अडकता कामा नये. त्या सांध्याने माझे तीन रविवार खाल्ले.

आणखी एक शत्रू म्हणजे नागपूरचा उन्हाळा. बाहेर ४५-४६ अंश, म्हणून कूलर. कूलर म्हणजे खोलीभर ओली हवा. कागदाचे तंतू एका दिशेला आडवे असतात आणि दमट हवेत कागद त्या तंतूंच्या आडव्या अंगाला फुगतो. कूलर बंद केला की तासाभरात कडकडीत आखडतो. दिवसातून दोनदा फुगून आखडणाऱ्या डेकला पोक येणारच. म्हणून डेक दोन थरांचा केला, एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे, म्हणजे एकमेकांना धरून ठेवतात, प्लायवूडसारखे. आणि मे महिन्यात जहाज कूलर नसलेल्या देवघरात. गणपतीच्या शेजारी विमानवाहू नौका! आई रोज तिच्यावरही फुलं ठेवते, मी रोज काढतो. ओल्या फुलांनी डेकवर डाग पडतो.

मध्यंतरी शंकरनगर चौकात सिग्नलला आम्ही थांबलो होतो, मी स्कूटरवर, बाबा मागे. शेजारी बजाजची 'व्ही' उभी होती. विक्रांतच्या भंगारातलं लोखंड वापरून २०१६ मध्ये ती गाडी काढली होती, टाकीवर तसा बिल्ला असतो. बाबांनी त्या पोराला विचारलं, "हात लावू का?" पोरगा गोंधळला. बाबांनी बिल्ल्यावर दोन बोटं टेकवली. सिग्नल सुटला, पोरगा गेला. पूर्ण रस्ताभर बाबा मागून मला सांगत होते की त्याची चेन ढिली आहे, आवाजावरून कळते.

सध्या परिस्थिती अशी आहे: कूस झाली, मनोरा झाला, दोन्ही नाकं झाली. कडांचा पांढरा कागद दिसू नये म्हणून त्या राखाडी पेन्सिलीने रंगवणं चालू आहे. डावीकडच्या मागच्या सज्ज्यांसाठी तीन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो आणि त्यांतल्या सावल्या यांवरून बाबा खोली काढताहेत. सूर्य किती वर असेल याचा अंदाज बांधून, वहीत त्रिकोण आखून. सी हॉक पंख मिटलेली करायची की उघडलेली हे ठरायचंय. उघडी केली तर एकेकाचा पसारा पावणेपाच सेंटीमीटर, डेकवर गर्दी होते. काल सीताबर्डीवरून मी काचेच्या पेटीचा दर विचारून आलो. ८५ सेंटीमीटरचं जहाज आहे म्हणून नव्वदची पेटी सांगितली.

"शंभरची सांग," बाबा म्हणाले. "वापरात नसलेलं नाक कुठे ठेवशील?"